पावसाळी जाकिटांतला फ्लोरीन: काढता येतो, मग अडलंय कुठे?

फिनिशिंगवाला

डोंगरात, पावसात घालायच्या जाकिटांवर चर्चा निघाली की वजन, शिवण, झिप, मेम्ब्रेन (कापडाच्या आतला पातळ पाणीरोधक पडदा) या सगळ्याचा कीस पडतो. कापडावर सगळ्यांत शेवटी जो हात फिरतो, त्याचा विषय मात्र सहसा निघत नाही. मी कापडाच्या फिनिशिंगमध्ये काम करतो. या कपड्यांतलं सर्वांत चिवट रसायन तिथेच चढतं, आणि ते न वापरता चांगलं जाकीट बनवणं आज शक्य आहे. तरी ते अजून पुरतं गेलेलं नाही, म्हणून हा धागा.

नव्या जाकिटावर पावसाचे थेंब गोल होऊन घरंगळतात, ते काम आतल्या मेम्ब्रेनचं नसतं. बाहेरच्या कापडाच्या धाग्याधाग्यावर एक अतिशय पातळ थर चढवलेला असतो. आमच्याकडे त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात, म्हणजे टिकाऊ पाणीरोधक फिनिश. रंगवून धुतलेलं कापड रसायनाच्या टाकीतून जातं, दोन रोलरांमध्ये पिळलं जातं आणि मग स्टेंटर नावाच्या लांबलचक भट्टीतून १५० ते १७० अंशांवर पार होतं. त्या उष्णतेत पॉलिमर धाग्याला पक्का धरतो. वर्षानुवर्षं या टाकीत फ्लोरीनयुक्त रसायन असायचं. पीफास म्हणतात ते याच कुळातलं.

फ्लोरीनच का? पाण्याचा पृष्ठीय ताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तेलांचा २० ते ३५ च्या आसपास. ज्या पृष्ठभागाची ऊर्जा त्याहून बरीच कमी, त्यावर थेंब पसरत नाही. मेणाचा पृष्ठभाग तिशीच्या आसपास असतो आणि सिलिकोनचा विशीच्या थोडा वर. पाणी थोपवायला एवढं भरपूर झालं. फ्लोरीनच्या साखळ्या हा आकडा दहाच्या जवळ आणू शकतात आणि त्यामुळे तेलसुद्धा थोपतं. म्हणजे मेण आणि सिलिकोनला जे मुळीच जमत नाही आणि फ्लोरीनला जमतं, असं एकच काम आहे: तेल रोखणं.

आता विचार करा. शस्त्रक्रियेच्या गाउनला तेलरोधकता हवी, इंधनाजवळ काम करणाऱ्यालाही हवी. पावसात चालणाऱ्या माणसावर आकाशातून तेल पडत नाही. लीड्स आणि स्टॉकहोम विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली हेच तपासलं. फ्लोरीनविना केलेल्या फिनिशांनी पाणी व्यवस्थित थोपवलं, तेल थोपवलं नाही. पावसाळी कपड्यांत फ्लोरीन वापरणं ही गरजेपेक्षा जास्तीची मागणी आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

किंमत कोण मोजतं? पाणी. टाकीत रसायन शिल्लक राहतं. लॉट संपला, रंग किंवा फिनिश बदलायचं झालं की टाकी रिकामी करावी लागते, रोलर धुवावे लागतात. ते पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे जातं. तिथले जिवाणू स्टार्च खातात, साबण खातात. कार्बन-फ्लोरीन बंध त्यांना तुटत नाही. उलट काही रसायनांचे फक्त टोकाचे भाग तुटतात आणि अधिक टिकाऊ आम्लं तयार होतात. जाकीट दुकानात पोचायच्या आधीच पाण्यात जे जायचं ते गेलेलं असतं.

शिखरवेडा

मुद्दा समजला, पण उंचावर जाणाऱ्यांच्या बाजूनेही कुणी बोलायला हवं. फ्लोरीन नसलेलं जाकीट नवं असताना झकास चालतं. दोनचार वेळा पाठपिशवी लादून, घाम येईतो चढून झालं की खांद्यावर कापड पाणी प्यायला लागतं. थंडी, वारा आणि ओलं जाकीट एकत्र आलं तर माणूस जिवाला मुकू शकतो. आमच्यासाठी हा चैनीचा प्रश्न नाही.

सुईदोरा

@शिखरवेडा, मी डोंगरी कपड्यांची दुरुस्ती करते, त्यामुळे तुम्ही म्हणता तशी जाकिटं रोज हातात येतात. पाणी आधी कुठे धरतं ठाऊक आहे? खांद्यांवर पट्ट्यांखाली, कॉलरच्या आतल्या कडेला आणि मनगटांवर. जिथे घाम, अंगाचं तेल आणि सनस्क्रीन लागतं तिथे. कॉलर प्रकाशात तिरकी धरली तर तेलकट पट्टा नुसत्या डोळ्यांना दिसतो. फिनिश तिथे असतंच, पण त्यावर मळाचा थर बसलेला असतो आणि पाणी त्या मळाला चिकटतं.

ही जाकिटं आणणाऱ्यांना विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच: "महागाचं आहे, धुतलं तर खराब होईल म्हणून धुतलं नाही." खरं तर न धुतल्यामुळेच ती जास्त खराब होतात. मळाने शिवणीवरची टेप सुटते, आतलं अस्तर फुग्यांसारखं उचललं जातं. साध्या, अवशेष न ठेवणाऱ्या साबणाने धुवा, दोनदा खळबळा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. मग लेबलवर परवानगी असेल तर मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवा. उष्णतेने साखळ्या पुन्हा उभ्या राहतात आणि थेंब परत गोल व्हायला लागतात. फ्लोरीनविना केलेल्या जाकिटाला हे जास्त वेळा करावं लागतं, एवढाच फरक.

आणखी एक. बाहेरचं कापड पाणी प्यायलं म्हणजे जाकीट गळलं असं नाही. मेम्ब्रेन शाबूत असेल तर पाऊस आत येत नाही. अंगाची वाफ मात्र बाहेर पडेनाशी होते आणि आतून ओलं, गार वाटतं. तुमची थंडीची तक्रार खरीच आहे, तिचं मूळ बरेचदा इथे असतं.

मृण्मयी

मुलांसाठी पावसाळी जाकिटं घेतली आहेत, आता हे वाचून धास्तावले. अंगावर घालणंच धोक्याचं आहे का?

जलसाक्षी

@मृण्मयी ताई, घाबरू नका. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. माणसाच्या शरीरात ही रसायनं मुख्यतः पिण्याच्या पाण्यातून आणि अन्नातून जातात. घातलेल्या जाकिटातून जाणारा भाग त्या मानाने लहान. पण फवारणीचे डबे बंद खोलीत वापरू नका. पाणीरोधक फवाऱ्याचे बारीक कण श्वासात जाऊन फुप्फुसांना अचानक इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि फ्लोरीन नसलेला फवाराही त्याला अपवाद नाही. धुताना पाण्यात घालायचं द्रावण त्यापेक्षा बरं.

जास्त दाट संपर्क होतो तो काम करणाऱ्यांना. स्कीच्या खाली चोळायच्या मेणात फ्लोरीन असायचा. ते मेण गरम करून लावणाऱ्या तंत्रज्ञांच्या रक्तात पीएफओए हे पीफास कुळातलं एक रसायन सामान्य माणसांपेक्षा अनेक पटींनी जास्त आढळलं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून त्या मेणावर बंदी आणली.

आणि पाण्याचं म्हणाल तर दोन गावं सांगतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या रॉकफर्डला चामड्याच्या बुटांचा कारखाना होता. चामडं पाणीरोधक करायला फ्लोरीनयुक्त रसायन वापरायचे आणि कारखान्याचा कचरा आसपास टाकला जायचा. पुढे २०१७ साली परिसरातल्या विहिरींत पीफास सापडलं आणि २०२० साली सुमारे ७ कोटी डॉलरची तडजोड होऊन तिथे सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या टाकायचं ठरलं. कुणी तिथे शस्त्रास्त्रं बनवत नव्हतं. पाय कोरडे राहावेत म्हणून बूट बनत होते. दुसरं इटलीतलं त्रिस्सिनो. तिथल्या रसायन कारखान्यामुळे व्हेनेतो प्रांतातल्या लाखो लोकांचं पाणी दूषित झालं, आणि जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने कंपनीशी संबंधित ११ जणांना दोषी ठरवलं.

अमेरिकेतल्याच वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गजवळ असंच घडलं होतं. तिथे सुमारे ६९ हजार लोकांची तपासणी झाली आणि वैज्ञानिकांच्या समितीने पीएफओएचा मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार यांसह सहा आजारांशी संभाव्य संबंध नोंदवला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं.

ज्यांना डोंगर आवडतात त्यांच्यासाठी एवढंच जोडतो: ग्रीनपीसने २०१५ साली आल्ताई, तात्रा, चिलीतलं तोरेस देल पाइने अशा दुर्गम भागांतला बर्फ आणि पाणी तपासलं. सगळीकडे पीफास मिळालं. आपण जिथे जाण्यासाठी ही जाकिटं घेतो, तिथे ती रसायनं आपल्या आधी पोचली आहेत.

शिखरवेडा

तोरेस देल पाइनेचं माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. पण मग कंपन्यांनी "आता नवं, सुरक्षित रसायन वापरतो" असं मागेच जाहीर केलं होतं ना? त्याचं काय झालं?

फिनिशिंगवाला

@शिखरवेडा, चांगलं विचारलंत, कारण खरी फसगत तिथेच झाली.

आधी ८ कार्बनची साखळी होती, आम्ही सी-एट म्हणायचो. ती तुटत तुटत पीएफओए किंवा पीएफओएस बनते. थ्रीएम या अमेरिकी कंपनीने मे २००० मध्ये पीएफओएसचं उत्पादन थांबवणार असल्याचं जाहीर केलं. चिवट विषारी रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २००९ साली पीएफओएस आणि २०१९ साली पीएफओए आलं. उद्योगाने काय केलं? साखळीतले दोन कार्बन कमी केले आणि सी-सिक्स आणलं. यंत्रं तीच, टाकी तीच, तेलरोधकताही जवळपास तीच. जाहिरातीत "पीएफओए-मुक्त" छापता आलं.

सी-सिक्सपासून बनणारं पीएफएचएक्सए शरीरातून लवकर बाहेर पडतं, हे खरं. पण निसर्गात तेही तुटत नाही. शिवाय लहान रेणू असल्यामुळे ते पाण्याबरोबर जास्त दूर जातं आणि कोळशाच्या गाळणीत कमी अडकतं. म्हणजे विहिरीवाल्याच्या दृष्टीने काही बाबतींत अधिकच अवघड. युरोपीय संघाने २०२४ साली त्यावरही निर्बंध आणले, ग्राहकांच्या कपड्यांना ते ऑक्टोबर २०२६ पासून लागू होतात. एक रेणू बंद करायचा आणि त्याचा भाऊ आणायचा, या खेळात वीस-पंचवीस वर्षं गेली. म्हणून संपूर्ण कुळावर बंदी हाच मार्ग मला पटतो. फ्रान्सने तसा कायदा केला, १ जानेवारी २०२६ पासून कपडे आणि पादत्राणांना लागू, संरक्षक पोशाखांना सूट. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत पीफास वापरण्यावर बंदी आहे. अतिपावसात वापरायच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत मुदत दिली आहे, पण तोवर त्यांवर "पीफास वापरून बनवलेलं" असं स्पष्ट लिहावं लागतं. तुमच्यासारख्या उंचावर जाणाऱ्यांसाठी ठेवलेली ही सवलत मला योग्य वाटते, कारण तिला शेवटची तारीख आहे.

नवखा

दुकानात उभं राहून ओळखायचं कसं?

सुईदोरा

"पीएफओए-मुक्त" लिहिलं असेल तर त्याने समाधान मानू नका, वर फिनिशिंगवाल्यांनी सांगितलंच आहे. "घातक पीएफसी नाहीत" हेही अर्धवट (पीएफसी हे अशा फ्लोरीनयुक्त रसायनांचंच जुनं नाव). "पीफास न वापरता बनवलेलं" असं हवं. आणि हे वाक्य फक्त वरच्या फिनिशबद्दल आहे की मेम्ब्रेनबद्दलही, ते विचारा. ताणलेल्या टेफ्लॉनचं मेम्ब्रेन हे स्वतःच फ्लोरीनचं पॉलिमर असतं. गोरे या मेम्ब्रेन बनवणाऱ्या कंपनीने २०२२ पासून पॉलिइथिलीनचं मेम्ब्रेन बाजारात आणलंय, आणि पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनची मेम्ब्रेनं तर आधीपासून आहेत.

रंगारी

धागा उत्तम चाललाय. पण सगळा भर फ्लोरीनवर देऊन बाकीची टोपली झाकून ठेवू नका. माझं आयुष्य डाय हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात गेलं. एका जाकिटाच्या कापडावर फिनिश चढण्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं.

मेम्ब्रेन किंवा कोटिंगचं पॉलियुरेथेन विरघळवायला डायमिथाइलफॉर्मामाइड वापरतात. ते त्वचेतून आणि श्वासातून आत जातं आणि यकृताला मार बसतो. जाकीट घालणाऱ्याला त्याचा वासही येत नाही, कोटिंगच्या यंत्राशी उभा असलेला माणूस मात्र दिवसभर त्यात असतो. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन उपलब्ध आहे. कोटिंग थोडं हळू सुकतं, म्हणून मीटर कमी निघतात, म्हणून टाळाटाळ होते. दुसरं, कापड धुण्याच्या साबणातले नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट. नदीत गेल्यावर त्यांपासून नॉनिलफिनॉल बनतं आणि ते माशांच्या संप्रेरकांमध्ये ढवळाढवळ करतं. युरोपने २०२१ पासून आयात कापडातही त्याला ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली.

रंगाबद्दल तर मला अगदी मनापासून सांगायचंय. पॉलिएस्टर आणि नायलॉनला रंग नंतर देण्याऐवजी धागा ओढतानाच वितळलेल्या पॉलिमरमध्ये रंगद्रव्य मिसळता येतं. डोप डाइंग म्हणतात. रंगाची टाकीच नाही, त्यामुळे रंगाचं सांडपाणीही नाही, आणि उन्हात रंगही जास्त टिकतो. अडचण एवढीच की एका रंगाचा धागा मोठ्या प्रमाणात घ्यावा लागतो, दर हंगामाला चाळीस छटा मिळत नाहीत. डोंगरात जायला चाळीस छटा लागत नाहीत.

जलसाक्षी

@रंगारी काका, पूर्ण सहमत. म्हणूनच तयार कपडा तपासणं पुरेसं नाही. तुम्ही म्हणता ते डायमिथाइलफॉर्मामाइड बहुतांश भट्टीत उडून जातं, साबण धुऊन जातो, आणि प्रयोगशाळेत जाकीट "उत्तीर्ण" होतं. घातक रसायनांचा वापर शून्यावर आणण्यासाठी २०११ साली सुरू झालेल्या झेडडीएचसी या गटाने याचसाठी कारखान्यात आत येणाऱ्या रसायनांची निषिद्ध यादी केली. ब्लूसाइन हे प्रमाणपत्रही दारातच अडवण्याच्या तत्त्वावर चालतं. ड्रम दारातून आतच आला नाही, तर नाल्यात उतरण्याचा प्रश्न येत नाही.

मृण्मयी

फ्लोरीनच्या जागी जे वापरतात ते तरी निर्धोक आहे का? पुन्हा वीस वर्षांनी दुसरंच काही निघायचं.

फिनिशिंगवाला

@मृण्मयी, तुमची शंका रास्त आहे, गुळमुळीत उत्तर देणार नाही.

मेणाचं फिनिश सर्वांत साधं. पॅराफिन किंवा वनस्पतिजन्य मेण. त्याचा दोष म्हणजे गडद कापडावर नखाने ओरखडा काढला की पांढरी रेघ उमटते आणि ग्राहक कपडा परत करतात. सिलिकोनचा स्पर्श मऊ येतो, पण त्यात डी-फोर, डी-फाइव्ह, डी-सिक्स नावाची वर्तुळाकार संयुगं अवशेष म्हणून राहू शकतात. युरोपच्या अतिचिंताजनक यादीत ती २०१८ साली आली आहेत. त्यामुळे अवशेष किती, याचा दाखला मागायलाच हवा. आणि सिलिकोन जास्त झाला तर शिवणीची टेप नीट चिकटत नाही. तिसरा प्रकार फांद्याफांद्यांच्या पॉलिमरचा, त्याला डेन्ड्रिमर म्हणतात.

यांतलं बहुतेक सगळं धुण्यात टिकावं म्हणून सोबत क्रॉसलिंकर, म्हणजे फिनिशच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधणारं रसायन घालतात. पुष्कळ क्रॉसलिंकरांमधून भट्टीच्या उष्णतेत ब्युटेनोन ऑक्साइम सुटतं. युरोपने त्याला कर्करोगकारक ठरवलं आहे. ते कपड्यात नगण्य राहतं, पण स्टेंटरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जातं. दुसऱ्या प्रकारचे क्रॉसलिंकर मिळतात, भट्टीचा धूर ओढणारी यंत्रणा मिळते. या दोन्ही गोष्टी मागणाऱ्याने मागायला हव्यात. तरी फरक लक्षात ठेवा: मेण निसर्गात कुजतं, ऑक्साइम हवेत विघटित होतं. पीफास विघटितच होत नाही. म्हणून आधी त्याचा बंदोबस्त.

शिखरवेडा

आणि "पीफास न वापरता" लिहिलेल्या कापडातही फ्लोरीन सापडतो असं ऐकलं, ते खरं का?

फिनिशिंगवाला

होतं तसं. त्याच टाकीत, त्याच रोलरवर आदल्या लॉटला फ्लोरीन चाललेला असतो. स्टेंटरच्या आतल्या जाळीवर, पंख्यांवर तो बसतो. कॅलिफोर्नियाची मर्यादा एकूण सेंद्रिय फ्लोरीनची आहे, २०२५ पासून दशलक्षात १०० भाग आणि २०२७ पासून ५० भाग. एवढ्या काटेकोर मापात मशीन नुसतं पाण्याने धुऊन भागत नाही. त्यासाठी अख्खी गिरणी फ्लोरीनमुक्त करावी लागते किंवा निदान एक लाइन वेगळी ठेवावी लागते. माझ्या मते एकाच छताखाली दोन्ही चालवणं बंद व्हायला हवं.

नवखा

जुनी जाकिटं टाकून द्यायची का मग?

सुईदोरा

मुळीच नको! त्यातलं रसायन बनून झालंय, ते बनवतानाची हानीही होऊन गेली. टाकून दिलंत तर कचराडेपोतून झिरपून पुन्हा पाण्यातच, आणि वर नवं जाकीट बनवण्याचा भार. उघड्यावर जाळू तर अजिबात नका. फाटेपर्यंत वापरा, टेप सुटली तर परत चिकटवून घ्या. थेंब पसरायला लागले की धुवा, आणि तरी भागलं नाही तर फ्लोरीन नसलेलं द्रावण चढवा. जुन्या फ्लोरीनच्या कापडावरही ते बसतं, फक्त कापड आधी पूर्ण स्वच्छ हवं. झिजलेल्या जाकिटाला नवा फ्लोरीनचा फवारा मारू नका, एवढं पाळा.

रंगारी

@फिनिशिंगवाला, तुम्ही सुरुवातीला म्हणालात की काढणं शक्य आहे. मग अडतंय कुठे? कायदा नसलेल्या बाजारांसाठी अजूनही सी-सिक्सच्या ऑर्डरी येतात.

फिनिशिंगवाला

काका, ऑर्डरच्या कागदावर अडतंय. कापडाच्या स्पेसिफिकेशनमध्ये चाचण्यांची यादी असते. स्प्रे टेस्ट: ४५ अंशांत ताणलेल्या कापडावर २५० मिलिलिटर पाणी ओततात आणि ओलेपणा बघून शून्य ते शंभर गुण देतात. धुतल्यानंतर पुन्हा तीच. फ्लोरीनविना केलेलं फिनिश यात उत्तम गुण घेतं. पण खाली आणखी एक ओळ असते: तेलरोधकता, अमुक श्रेणी. जुन्या कागदावरून नव्या कागदावर ती ओळ उतरत आली आहे. हे जाकीट तेलाजवळ वापरणार कोण, असं ती लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही. ती ओळ असेपर्यंत गिरणीला फ्लोरीनशिवाय दुसरा पर्याय नाही, आमची इच्छा असली तरी. ती ओळ काढली की त्याच यंत्रावर, त्याच भट्टीत दुसरं फिनिश चालतं. रसायनाचा ड्रम बदलतो, तापमान थोडं जुळवावं लागतं.

म्हणून ब्रँडांना पत्र लिहिणाऱ्यांनी "पर्यावरणपूरक व्हा" असं मोघम लिहू नये. विचारावं: तुमच्या पावसाळी कापडाच्या स्पेसिफिकेशनमध्ये तेलरोधकतेची अट आहे का, आणि असेल तर कशासाठी?

शिखरवेडा

हे नेमकं हवं होतं. आमच्या गटात तीन ब्रँडांची जाकिटं जास्त वापरली जातात. तिघांनाही हाच प्रश्न पाठवतो, आणि मेम्ब्रेनचंही विचारतो. उत्तरं आली की इथे टाकेन.

फिनिशिंगवाला

जरूर. क्रॉसलिंकर कोणता, हेही त्याच पत्रात विचारा.